बाबांचा पीसी दुकानात चालतो, घरी आला की सकाळी निळी स्क्रीन

वाशिष्ठीकाठचा
मंडळी, डोक्याला शॉट झालाय, जरा मदत करा. चिपळूणला आईबाबांकडे २०१२ साली असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. थर्ड जनरेशन आय थ्री, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. बाबा ७१ वर्षांचे, त्यावर आमच्या घराण्याची वंशावळ टाईप करतात आणि देवस्थानचा हिशोब ठेवतात. २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं तेव्हा हा वर होता म्हणून वाचला, त्यामुळे बाबांचा त्याच्यावर जीव आहे, नवीन घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत.

तर जूनपासून असं होतंय की सकाळी चालू केला की निळी स्क्रीन, ते रडकं तोंड येतं, स्वतःच रीस्टार्ट होतो, परत तेच. दुकानवाला म्हणाला विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारला, ५०० रुपये. दोन दिवस त्याच्याकडे चालू ठेवून बघितला, मस्त चालला. संध्याकाळी घरी आणला, बाबांनी नऊपर्यंत काम केलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत निळी स्क्रीन. असं तीनदा झालं. तीन फॉरमॅट, १५०० रुपये, वर रिक्षा. आता तो म्हणतोय मदरबोर्ड गेला, नवीन सेट घ्या, २२ हजार.

मी पुण्यात, सगळं फोनवरून चाललंय. दुकानात चालतो आणि घरी चालत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

चकलीचा_सोऱ्या
रीस्टार्ट करून बघितलात का?

(पळा)

खटपट्या
रॅम काढून खोडरबराने पुसा. हसू नका, कोकणातल्या पावसाळ्यात दहातल्या सहा मशीन याच औषधाने उठतात. रॅमच्या खालच्या कडेला ते सोनेरी दात असतात ना, त्यावर दमट हवेने थर धरतो. वायर काढायची, कॅबिनेट उघडायचं, दोन्ही बाजूच्या खिट्ट्या दाबल्या की रॅम वर येते. पेन्सिलीचं साधं पांढरं रबर घ्यायचं, शाईचं खरखरीत नको, त्याने मुलामाच निघतो. हळू घासायचं, रबराचा भुगा फुंकून नाही तर ब्रशने काढायचा (फुंकताना थुंकी उडते, स्वानुभव) आणि परत बसवताना खट्ट असा आवाज आला पाहिजे. अर्ध्या लोकांची रॅम एका बाजूने नीट बसलेलीच नसते.

मीनलताई
मला हार्डडिस्कचा संशय येतोय. आमच्याकडे सेम झालं होतं, सकाळी चालू व्हायला नखरे आणि एकदा गरम झाला की दिवसभर ठीक. क्रिस्टलडिस्कइन्फो म्हणून फुकट प्रोग्रॅम आहे तो टाकून बघा, निळ्याऐवजी पिवळं 'कॉशन' दिसलं तर आधी डेटा दुसरीकडे हलवा, बाकी चर्चा नंतर. त्यात रीअलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागा) असे दोन आकडे असतात, ते शून्य हवेत. आमचा पेंडिंग रोज वाढत होता आणि मी महिनाभर नुसती बघत बसले. मुलीच्या बारशाचे फोटो गेले.

आणि तीनदा फॉरमॅट मारला तेव्हा डेस्कटॉपवरच्या फायली घेतल्या होत्या का हो? डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

वाशिष्ठीकाठचा
@मीनलताई, नाही घेतल्या. भाच्याच्या मुंजीचे फोटो होते, पण ते ताईच्या फोनमध्ये आहेत. वंशावळ डी ड्राइव्हला होती ती वाचली, पण ती फाईल पण आता उघडत नाहीये. म्हणजे उघडते, पण आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. बाबा त्याने जास्त खचलेत, चार वर्षांचं काम आहे.

मुक्काम_पोस्ट_मिशिगन
स्पष्ट बोलतो, राग नसावा. बारा-तेरा वर्षं जुनं मशीन आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा निदान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, तुमचा तिसऱ्या जनरेशनचा. कशाला त्यात वेळ घालवताय? एक मिनी पीसी घ्या, मॉनिटरच्या मागे चिकटवा, विषय संपला.

खटपट्या
@मिशिगन, तुमच्याकडे ठीक आहे हो. इथे देवस्थानच्या हिशोबाला मिनी पीसी कशाला?

टक्स_पेंग्विन
लिनक्स मिंट टाका, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम आहे. पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हातही लावायचा नाही. त्यावर जर दोन-तीन दिवस सकाळी नीट चालला तर हार्डवेअर ठीक आणि विंडोजचं दुखणं हे तरी कळेल.

चकलीचा_सोऱ्या
आले, लिनक्सवाले आले. कोणी "डोकं दुखतंय" म्हटलं तरी हे म्हणणार मिंट घ्या.

टक्स_पेंग्विन
@सोऱ्या, मिंटने डोकं राहतंच.

कोल्हापुरी_पायताण
भावा एकदा उघडून आत बघ की. आमच्या काकाचा पीसी असाच मधीच बंद पडायचा, लई डोकं लावलं, शेवटी वीज देणारा सप्लायचा डबा सोडवला तर आत पाल. भाजलेली. दोन पाय एका टोकाला, शेपूट भलतीकडंच. कॅबिनेटच्या मागं कार्डाची फट झाकायला जी पट्टी असती ना, ती काढून परत लावलीच नव्हती, तिथनं शिरली.

जुना_हार्डवेअरवाला
@पायताण, तुमच्या काकांना सांगा सप्लायचा डबा परत उघडू नका. वायर काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट काही वेळ राहतात. पाल गेली, काका जायला नकोत.

उंटावरून_शेळ्या
पालीचं काय घेऊन बसलात. आमच्या ऑफिसात दरवर्षी दसऱ्याला सगळ्या कॉम्प्युटरना हळदकुंकू, फूल, अक्षता. एका वर्षी साहेबांच्या सौ. आल्या होत्या, त्यांनी भक्तिभावाने थेट कॅबिनेटच्या जाळीवरच चिमूटभर कुंकू टाकलं. पंखा चालू होता. एक झेंडूची पाकळी डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सापडली ती पुढच्या गुढीपाडव्याला.

सोलापुरी_चादर
विषयावर येतो. दुकानात चालतो आणि घरी नाही म्हणजे फरक मशीनमध्ये नाहीये, घराच्या वायरिंगमध्ये आहे. अर्थिंग बघा. कॅबिनेटच्या लोखंडाला अनवाणी हात लावला की मुंग्या आल्यासारखं झणझणतं का? येत असेल तर अर्थिंग नाही समजा. मल्टिमीटरवाला वायरमन बोलवा, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ अगदी दोन-तीन व्होल्ट असलं पाहिजे. आमच्या जुन्या घरी न्यूट्रल-अर्थ ४० यायचं, वर्षात दोन सप्लाय जाळले. कोकणात पावसाळ्यात लाईटचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मीनलताई
+१, हे पटतंय. माझी हार्डडिस्कवाली थिअरी मागे घेते, डिस्क खराब असती तर दुकानात पण रडली असती.

वाशिष्ठीकाठचा
अपडेट. चार दिवस गेले त्याबद्दल सॉरी.
वायरमन येऊन गेला, न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट, अर्थिंग एकदम ठीक आहे. शेजारच्या मुलाने रॅम काढून रबराने घासली, काही फरक नाही. पाल नाही, एक झुरळ निघालं पण निर्दोष वाटलं. बाबांनी निळ्या स्क्रीनचा फोटो पाठवलाय, खाली लिहिलंय इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे हार्डडिस्कच ना शेवटी?

मुक्काम_पोस्ट_मिशिगन
मी सांगितलं होतं.

जुना_हार्डवेअरवाला
थांबा, घाई नको. मी आधीच लिहिणार होतो पण पाली-झुरळांत राहून गेलं. बावीस वर्षं हाच धंदा केलाय, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुरुवात केली, आता नाशिकला असतो. मला तीन गोष्टी सांगा.
रात्री मशीन बंद केल्यावर भिंतीवरचं बटण पण बंद करतात का?
गेल्या काही महिन्यांत घड्याळ मागे पडत होतं का?
आणि निळी स्क्रीन यायच्या आधी काय येतं? हे बाबांनाच विचारा, तुम्ही उत्तर देऊ नका. "काही येत नाही" म्हणाले तर व्हिडिओ कॉल लावून समोर चालू करायला सांगा.

वाशिष्ठीकाठचा
काका तुम्ही अंतर्ज्ञानी आहात का? आत्ता व्हिडिओ कॉल केला.

एक, आई रोज रात्री दहाला सगळ्या घरातली बटणं बंद करते. टीव्ही, मिक्सर, पीसीचा स्पाईक गार्ड, सगळं. पूर्वीपासून. दोन, दिवाळीत बाबा म्हणाले होते की घड्याळ वीस मिनिटं मागे आहे, मग तासभर, आणि बँकेची साईट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते. मी फोनवरून वेळ नीट करून दिली आणि विसरलो.

आणि तीन. निळ्याच्या आधी एक काळी स्क्रीन येते, त्यावर पांढऱ्या अक्षरात चार ओळी, तारीख-वेळ सेट नाही, एफ वन दाबा नाहीतर एफ टू दाबा असं काहीतरी. बाबा शांतपणे एफ टू दाबतात. मी म्हटलं बाबा हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत! तर म्हणाले, "ते तर रोजच येतं. मला वाटलं नवीन अपडेटमध्ये दिलंय. तू बिघाड विचारलास, तो मी सांगितला की."

जुना_हार्डवेअरवाला
झालं, सापडला चोर. मदरबोर्ड ठीक आहे, हार्डडिस्कही बहुतेक ठीक आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो मेलाय.

नीट सांगतो कारण हे दुकानात भल्याभल्यांना गंडवतं. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी मशीन उठवणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम. त्याचं सेटिंग आणि घड्याळ मशीन बंद असताना त्या सेलवर जिवंत राहतं. पण भिंतीवरचं बटण चालू असेल तर सप्लायमधून ५ व्होल्टची बारीक धार बोर्डला मिळत असते आणि सेलवर भार येत नाही. दुकानात मशीन चोवीस तास जोडलेलं, म्हणून तिथे सगळं आलबेल. दुकान ते घर रिक्षाची वीस मिनिटं मरतुकडा सेल कसाबसा ओढतो, म्हणून संध्याकाळी चालतं. रात्री आई बटण बंद करतात, आठ-नऊ तासांत सेल मान टाकतो, सकाळी बायोस कोरी पाटी. मग ती काळी स्क्रीन. बाबा एफ टू दाबतात म्हणजे "डिफॉल्ट घे आणि पुढे चल".

आता खरी गंमत. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचं डिफॉल्ट असं आहे की हार्डडिस्क आयडीई मोडमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीने चालव. दुकानदार पोरगा मात्र विंडोज टाकताना ते बदलून एएचसीआय, म्हणजे नवी पद्धत करतो, आणि ते बरोबरच आहे. त्या मोडमध्ये टाकलेलं विंडोज सकाळी उठतं तर डिस्क भलत्याच भाषेत बोलतेय, त्याला ती सापडत नाही, निळी स्क्रीन. इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणजे डिस्क मेली असंच नाही, मला बूट करायला डिस्क दिसत नाही एवढंच. विंडोजला काहीही झालेलं नाही. तीन फॉरमॅटपैकी एकाचीही गरज नव्हती.

बँकेची साईट उघडत नव्हती ती पण याच सेलमुळे. साईटच्या सर्टिफिकेटला पासून-पर्यंत तारीख असते, मशीनची तारीख त्याच्या बाहेर गेली की ब्राउझर नाही म्हणणार. घड्याळ मागे पडलं तेव्हाच सेल बदलला असता तर इथपर्यंत आलं नसतं.

चकलीचा_सोऱ्या
म्हणजे चाळीस रुपयांच्या सेलपायी बावीस हजार. दुकानदाराचं नाव टाका हो, चपला घेऊन जाऊ.

जुना_हार्डवेअरवाला
नको. तो लबाडच असेल असं नाही. त्याच्या टेबलावर बिघाड दिसतच नव्हता, मग तो काय शोधणार? मी पण सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचा बोर्ड असाच बदलून दिलाय. दोन महिन्यांनी जुन्या बोर्डात सेल घातला आणि तो बोर्ड पुढे माझ्या पोराने सहा वर्षं वापरला.

सोलापुरी_चादर
मग आईंनाच सांगा बटण बंद करू नका म्हणून. एक दमडी खर्च नाही.

मीनलताई
@चादर, वा! सेल मशीनचा मेला, आणि सवय बदलायची आईंनी.

खटपट्या
आणि कोकणात पावसाळ्यात बटण बंदच पाहिजे. नुसतं बटण काय, वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवायचा आणि इंटरनेटची तार पण. आमच्याकडे गडगडाटात राउटरच्या तारेतून झटका आला, राउटर आणि मदरबोर्डचं लॅन पोर्ट दोन्ही गेलं, बाकी पीसी ठणठणीत.

उंटावरून_शेळ्या
वीज वाचते का पण खरंच? बंद पीसी जोडलेला राहिला तर साधारण दोन वॅट खातो धरू. रात्रीचे नऊ तास, महिन्याचे तीस दिवस. अर्धं युनिट. चहाचा अर्धा कप पण येत नाही त्यात.

मीनलताई
तुम्ही एका पीसीचं बघताय, आई अख्ख्या घराची बटणं बंद करतात. आणि त्या वीस वर्षं करतायत.

टक्स_पेंग्विन
वंशावळीच्या फाईलबद्दल कोणीच बोललं नाही. ती फाईल करप्ट नाहीये. बाबा आधी कशात टाईप करायचे? श्रीलिपी, आयएसएम असं काही होतं का? ते जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो ती पद्धत नाही. त्यात फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉरमॅटमध्ये फॉन्ट उडाला, मुखवटा गेला, खिचडी दिसायला लागली. तोच फॉन्ट परत टाकला की सगळं जसंच्या तसं. फक्त फाईल आत्ता सेव्ह करू नका, कोणी "दुरुस्त" करायला जाऊन फॉन्ट बदलून सेव्ह केली तर कुठला मजकूर कुठल्या फॉन्टात होता ते कळणं अवघड जाईल. दिसायला लागली की कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

चकलीचा_सोऱ्या
पेंग्विनराव, शब्द मागे घेतो. पहिल्यांदाच मिंट न सांगता उत्तर दिलंत.

वाशिष्ठीकाठचा
सगळ्यांना साष्टांग. शनिवारी स्वतः चिपळूणला गेलो. घड्याळवाल्याकडे सेल मिळाला, ४० रुपये. जुना सेल मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट. खाचेतली ती बारीक पट्टी नखाने मागे ओढली की सेल आपोआप उडी मारतो, तो उडाला तो थेट कपाटाखाली. लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवला. बायोसमध्ये तारीख घातली, हार्डडिस्कच्या साटा मोडला आयडीईच होतं, ते एएचसीआय केलं, एफ टेन दाबून सेव्ह केलं. विंडोज सरळ उघडलं. फॉरमॅट नाही, काही नाही. रात्री आईने तिच्या हाताने बटण बंद केलं, रविवारी सकाळी बाबा सहालाच उठून बसले होते, चालू केला, चाललं.

फॉन्टची जुनी सीडी बाबांच्या फायलीत पावतीसकट निघाली, पण मशीनचा डीव्हीडी ड्राइव्ह मेलाय. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर घेतली. वंशावळ दिसायला लागली. बाबांनी आधी पणजोबांचं पान उघडून बघितलं, मग चहा घेतला.

आता त्यांची वेगळीच तक्रार आहे. दोनदा फोन आला की "ते एफ टू येत नाही हल्ली, काही बिघडलं तर नाही ना?" कॅबिनेटच्या आत चिकटपट्टी लावून त्यावर सेल बदलल्याची तारीख लिहून ठेवलीये, सिलिंडरवर लिहितात तशी.

जुना_हार्डवेअरवाला
उत्तम. आता उघडलंच होतं तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली का? बारा वर्षांत खडू झाली असेल.

वाशिष्ठीकाठचा
नाही बदलली :( गणपतीला जाईन तेव्हा.

कोल्हापुरी_पायताण
आणि मागची ती पट्टी लावली का?

वाशिष्ठीकाठचा
पट्टी सापडली नाही. पुठ्ठा कापून लावलाय.

गोदाकाठ
सगळा धागा वाचला. माझा मॉनिटर कालपासून पूर्ण गुलाबी-जांभळा दिसतोय, हा पण सेलच का?

खटपट्या
नाही हो. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर हिरव्या रंगाची पिन वाकलीये किंवा केबल ढिली आहे. काढून टोकाकडे बघा, वाकलेली पिन चिमट्याने हळूच सरळ करा. नाही झालं तर नवीन धागा काढा, फोटोसकट.